बिनडिस्कची लॅब

पंचवटीतल्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात रोशनी भोये रुजू झाली, तेव्हा कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. धुळीने कॉम्प्युटर बिघडतात, असं आधीच्या कोणीतरी ठरवून ठेवलं होतं. चपला बाहेर राहायच्या, कॉम्प्युटर तरीही बिघडायचे. नव्वदीच्या शेवटी कुणा दात्याने एकगठ्ठा दिलेली ती यंत्रं आता म्हातारी झाली होती. त्यात लोडशेडिंग. मध्येच वीज गेली की सगळे पडदे एकदम काळे व्हायचे आणि वीज आल्यावर दोनचार तरी उठायचेच नाहीत. मग रोशनीने पाठीला पोक काढून एकेकात सीडी घालायची आणि सगळं पहिल्यापासून भरायचं. एक पुरं होईतो दुसरं झोपायचं.

रोशनी सुरगाण्याकडची. गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावर तिचे वडील देवराम भात आणि नागली करत. द्राक्षांचा हंगाम आला की तिच्या आईला, भागीबाईला, घेऊन निफाडकडे कामाला जात. मुलगी आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला वसतिगृहात राहून तिने बी.एस्सी. केलं. कॉलेजात लागली ती करारावर. दर जूनला नवं नेमणूकपत्र यायचं, आणि ते हातात पडेपर्यंत ती घरी पाड्यावर कुणाला काही सांगत नसे. पेठ रोडवर एक खोली भाड्याने घेऊन राहायची. शनिवारी संध्याकाळी तिथूनच गावाकडची गाडी मिळायची.

यादव काकांची ओळख झाली ती एका बंद पडलेल्या मॉनिटरमुळे. शहरातल्या दोन दुकानांनी तो बघताच "नवा घ्या" म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्याने देवळाली कॅम्पातलं एक नाव दिलं. सैन्यात वायरलेसवर सगळी नोकरी काढून निवृत्त झालेला हवालदार, मूळचा उत्तर प्रदेशातला. पण बायको भगूरची केली आणि इथलाच होऊन राहिला. कॅम्पाच्या बाजारात त्याचं चिंचोळं दुकान होतं. मॉनिटर मांडीवर घ्यावा तसा जवळ ओढून त्यांनी उघडला, एक सुटलेला टाका डाग देऊन बसवला आणि विचारलं, "शाळा आहे का तुमची?"

"कॉलेज आहे."

"असे किती आहेत?"

रोशनीने लॅबची सगळी रड सांगितली. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "बेटा, रोग एकच आहे. डिस्क. वीज गेली की तिलाच मार बसतो. डिस्कच नसली तर काय बिघडेल?"

तिला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी कोपऱ्यातला एक डबा पुढे ओढला, झाकण काढून आतली रिकामी जागा दाखवली आणि वायर जोडून तो सुरू केला. पडद्यावर दोन ओळी आल्या, ठिपके सरकले आणि थोड्या वेळाने व्यवस्थित चित्र उभं राहिलं. काकांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी स्वतःच्या पोटात बघतो, उठायला लागणारं सामान आहे का. तिथे नसेल तर त्याला शेजाऱ्याकडे मागायला शिकवायचं. एका फ्लॉपीवर एवढंच शिकवणारा छोटा प्रोग्राम घालायचा, बाकी सगळं एक मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, वायरीवरून देतो. ते एकच यंत्र धडधाकट असावं लागतं आणि त्याला बॅटरीचा आधार लागतो. बाकीची कितीही जुनी चालतात.

"आणि हे घ्यायचं कुठून?"

"फुकट आहे. ज्यांनी लिहिलं त्यांनीच वाटून टाकलंय. ही सीडी ने, पाहिजे तितक्या प्रती काढ. कुणी विचारणार नाही."

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत लॅब तशी झाली. प्राचार्य पिंगळे सर जुन्या वळणाचे होते. त्यांनी तोंडीच होकार दिला, "करा, फक्त मुलांचं प्रॅक्टिकल बुडवू नका." कागदावर काही मागावं हे रोशनीला सुचलं नाही आणि सरांनाही नाही. काका रोज देवळालीहून बसने यायचे, वाटेत भाकरीचा डबा उघडायचे नाहीत आणि लॅबच्या पायरीवर बसून रोशनी आणि शिपाई बुधा यांच्याबरोबर जेवायचे. बुधा पेठकडचा. त्याला यंत्रातलं काही कळत नसे, पण वायर ओढायला, टेबलं सरकवायला तोच पुढे.

शेजारच्या खोलीतल्या चार यंत्रांत डिस्क ठेवाव्या लागल्या, कारण अभ्यासक्रमाचा एक भाग विंडोजवरच शिकवायचा होता. त्यांचीही काकांनी सोय केली. एक यंत्र नीट लावायचं, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत सर्व्हरवर ठेवायची, आणि एखादं बिघडलं की नेटवर्कवरून तीच प्रत त्यात ओतायची. ज्या कामात रोशनीचा अख्खा दिवस जायचा ते आता चहा पिऊन होईतो व्हायला लागलं. वरून मुलांना कळायचंही नाही की काल इथे काही बिघडलं होतं.

बाकीच्या डिस्क काढून तिने स्टीलच्या कपाटात ठेवल्या. काही मेलेल्या होत्या, बऱ्याचशा चांगल्या. काकांनी एक हातात घेऊन कानाशी धरली, हलवून बघितली.

"यांचं काय करणार?"

"काय करायचंय, काका. पडून राहतील," रोशनी म्हणाली. तेव्हा ती चौथ्या ओळीतलं यंत्र का उठत नाही ते बघत होती.

दोन वर्षं लॅब सुरळीत चालली. सकाळी मुलं यायची, एका बटनावर सगळी रांग उजळायची. फिजिक्सच्या योगिनी मॅडम आपल्या वर्गालाही तिथे आणू लागल्या. रोशनी संध्याकाळी घरी जाताना पहिल्यांदाच मोकळ्या हाताने, मोकळ्या डोक्याने जाऊ लागली. रामकुंडाकडून चक्कर मारून भाजी घेऊन जायची. काकांकडे महिन्यातून एखादा रविवार ठरलेला होता. सुमनबाई, म्हणजे काकू, तिला जेवल्याशिवाय सोडत नसत. काकांना मूल नव्हतं. पाड्यावर गेली की रोशनी त्यांच्याबद्दल बोलायची आणि भागीबाई आपल्या कोकणीत, पाड्यावरच्या आदिवासी बोलीत, विचारायची, तो फौजी माणूस कधी येणार आपल्याकडे.

मग एका पावसाळ्यात देवराम भाताच्या बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. रोशनी मिळेल त्या गाडीने गावाला गेली. ती तिकडे असतानाच सर्व्हर बंद पडला. एकच यंत्र पडलं आणि सगळी लॅब आंधळी झाली. परीक्षा तोंडावर. तिने सुरगाण्याच्या बूथवरून देवळालीला फोन लावला. काका म्हणाले, "तू बापाकडे बघ, लॅब मी बघतो." मग तिने कॉलेजात फोन करून बुधाला सांगितलं, काका येतील, त्यांना लॅब उघडून दे, आणि काही लागलं तर कपाटही. ती परत आली तेव्हा सर्व्हर चालू होता, परीक्षा पार पडली होती. कपाट उघडून बघायचं तिला कारण नव्हतं.

पिंगळे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बोरस्ते सर आले. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या काळातल्या गोष्टी आपल्या अंगावर येतील याची त्याला सतत धास्ती. दिवाळीनंतर संस्थेचे चिटणीस सोमनाथ कुशारे सामानाची मोजदाद करायला आले. त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरची कामं करणारा एक ठेकेदार होता. नेमकी त्या दिवशी वीज गेलेली. यूपीएसने थोडी कळ काढली आणि मान टाकली. वीज आली तेव्हा रोशनी अकरावीच्या वर्गावर होती. बुधाने लॅब उघडून सगळी बटनं दाबली, पण सर्व्हर आधी सुरू करावा लागतो हे त्याला माहीत नव्हतं. सगळ्या पडद्यांवर नुसते ठिपके सरकत राहिले.

"एकपण चालत नाही?" कुशारे म्हणाले.

ठेकेदाराने स्क्रू काढून एक डबा उघडला. मग शेजारचा. मग पुढचा.

रोशनीला बोलावणं आलं तेव्हा रांगेतल्या सगळ्या यंत्रांची झाकणं जमिनीवर पडली होती. ती पाहून तिला आधी काहीच वाटलं नाही. डबे रिकामे असायचेच होते. तिने सर्व्हर सुरू केला आणि दोन मिनिटांत रांग उजळली. बोरस्ते सरांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. पण कुशाऱ्यांनी पडद्यांकडे पाहिलंही नाही.

"चालतंय ते दिसतंय, भोये मॅडम. डिस्क कुठायत?"

"कपाटात आहेत, सर."

कपाट उघडलं. वरच्या फळीवर चारपाच डिस्क होत्या, त्याही मेलेल्या. चांगल्यांतली एकही नव्हती. रोशनीने खालची फळी पाहिली, मग पुन्हा वरची पाहिली, जुन्या वायरींचा गुंता बाहेर काढला. मागे ठेकेदार कुणाला तरी हळूच म्हणाला, "फुकटचं सॉफ्टवेअर असंच असतं."

"परवानगी कोणाची होती?" बोरस्ते सरांनी विचारलं.

"पिंगळे सरांची. तोंडी."

"तोंडी," सर म्हणाले आणि चिटणीसांकडे बघितलं.

किल्ली कोणाकडे असते हा पुढचा प्रश्न. किल्ली रोशनीकडे आणि बुधाकडे. कुशाऱ्यांनी बुधाला पुढे बोलावलं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि काही केल्या बोलेना. "तुमच्याकडची माणसं आम्ही विश्वासाने घेतो," कुशारे म्हणाले. तुमच्याकडची म्हणताना त्यांची नजर बुधावरून रोशनीवर फिरली आणि तिथेच थांबली. आठवड्याची मुदत मिळाली. तोवर बुधाने कामावर यायचं नाही, आणि समाधान झालं नाही तर पोलिसात कळवायचं, असं ठरलं.

बुधा सायकल घेऊन फाटकाबाहेर उभा होता. रोशनी येताच हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमी गावाला होत्या ना, तवा यादवसायेब पिशवी भरून घेऊन गेले. मी म्हटलं, तुमीच सांगितलं आसंल. म्हनून इचारलं नाय."

"मग आत का नाही सांगितलंस?"

"तुमचा मानूस हाय. मी कसं सांगू."

रोशनी तशीच देवळालीच्या बसमध्ये बसली. वाटेत तिने मनाशी कितीतरी उत्तरं तयार केली. काकांनी डिस्क जपून ठेवल्या असतील. तपासायला नेल्या असतील, सांगायचं राहिलं असेल. दुकानात शिरली तेव्हा काका एका कीबोर्डची बटनं पाण्यात धूत होते. ते हसले. तिने स्टूलावर बसता बसताच विचारलं.

"हां, मी नेल्या," काका म्हणाले. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतंच. "जवानांची पोरं आहेत इथे. बाप सरहद्दीवर, आई इथे क्वार्टरमध्ये. पोरं कॉम्प्युटर मागतात. जुने डबे जोडून दिले त्यांना."

"विकले?"

"खर्चापुरते. तुझ्याकडे पडूनच होत्या. तूच म्हणालीस."

"मी पडून राहतील म्हणाले होते, काका. न्या नाही म्हणाले."

त्यांनी बटनं पाण्यातून काढून फडक्यावर ओळीने मांडली. रोशनीने कॉलेजात काय झालं ते सांगितलं. बुधाचं सांगितलं, पोलिसांचं सांगितलं. काकांचे हात थांबले.

"तुम्ही येऊन सांगा," ती म्हणाली. "जे झालं तेच सांगा. समजुतीचा घोटाळा झाला म्हणा."

"चार लोकांसमोर?"

"हो."

"रोशनी, एवढी वर्षं वर्दी घातली मी. एक डाग नाही. आता म्हातारपणी कॉलेजात जाऊन उभा राहू, की हां, मी कपाटातून माल नेला?"

"मग बुधाने उभं राहायचं का? की मी?"

काका फडक्यावरची बटनं एकेक करून पुसू लागले. आतून सुमनबाई चहा घेऊन आल्या, दोघांची तोंडं बघून कप ठेवून गेल्या. तो चहा रोशनीने प्यायला नाही. उठताना ती म्हणाली, "आठ दिवस आहेत." काकांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते तिला बसमध्येही ठरवता आलं नाही.

ते दिवस तिने फोनकडे बघत काढले. घरमालकिणीकडच्या फोनची घंटा वाजली की ती जिन्यात यायची. फोन आला नाही. तिनेही केला नाही. एकदा विचारून झालंय, आता त्यांनी यावं, असं तिला वाटत होतं, आणि त्यात थोडा रागही होता. मधल्या रविवारी ती पेठ रोडवरच बुधाच्या घरी गेली. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. तिने रोशनीला बसायला सांगितलं नाही.

मुदतीच्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत चिटणीस, बोरस्ते सर आणि आणखी दोघं संचालक बसले होते. योगिनी मॅडमनी तिला दाराशी गाठून सांगितलं, "हरवल्या म्हण आणि माफी माग. जुन्याच तर होत्या. निभावून जाईल." रोशनीने तसं करून पाहायचं ठरवलंही होतं. पण आत गेल्यावर कुशारे म्हणाले, "शिपायावर तक्रार तयार आहे. तुम्हाला काही सांगायचंय?"

"बुधाने नाही नेल्या," ती म्हणाली. "देवळाली कॅम्पचे यादव म्हणून आहेत, त्यांनी नेल्या. त्यांना वाटलं त्या टाकाऊ आहेत. मी तसं बोलले होते."

नाव उच्चारल्यावर तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही.

काकांना निरोप गेला. ते दुसऱ्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, कोट, कोटावर निवृत्त जवान कार्यक्रमाला लावतात तशी पदकांची पट्टी. हातात कापडी पिशवी. परत मिळतील तेवढ्या डिस्क त्यांनी गोळा केल्या होत्या. ज्यांच्या घरी त्या बसवल्या होत्या त्यांच्या दारी जाऊन यंत्रं उघडून काढून आणल्या होत्या. काय सांगून काढल्या असतील, हे रोशनीने पुढे बरेच दिवस मनात आणून पाहिलं. पिशवी टेबलावर ठेवून ते ताठ उभे राहिले. कुशाऱ्यांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"माल मी नेला. शिपायाचा संबंध नाही," ते म्हणाले. "रोशनी मॅडमना माहीत नव्हतं."

मॅडम. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. रोशनी समोरच होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पिंगळे सरांकडे जाऊन योगिनी मॅडमनी त्यांच्या हातची एक ओळ लिहवून आणली होती, त्यामुळे परवानगीचाही प्रश्न मिटला. तक्रार झाली नाही. बुधा कामावर परत आला. तो पूर्वीसारखाच टेबलं पुसायचा, पण लॅबची किल्ली त्याने पुन्हा हातात घेतली नाही. "दुसऱ्या कोनाकडं द्या," एवढंच म्हणाला.

लॅब मोडायची ठरली. काकांनी आणून दिलेल्या डिस्क ठेकेदाराने परत बसवल्या, कमी पडल्या तिथे दुसऱ्या घातल्या आणि प्रत्येक यंत्र पुन्हा आपापल्या पायावर उभं केलं. सर्व्हर ऑफिसात फी भरून घ्यायच्या कामाला गेला. रोशनीने एकदा बोरस्ते सरांना सांगून पाहिलं की निदान ती प्रत ओतायची सोय तरी राहू द्या. सर म्हणाले, "मॅडम, तुमचं काम चांगलं होतं. पण आता नको." लोडशेडिंग वाढलं होतं. उन्हाळ्यापर्यंत अर्धी रांग बंद पडली होती आणि रोशनी पुन्हा सीड्या घेऊन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फिरत होती. जूनमध्ये नेमणूकपत्र आलं नाही. कोणी काही बोललं नाही. ती चौकशीला गेली तेव्हा तिच्या जागी आलेली मुलगी लॅबच्या दारात चपला काढत होती.

काही महिने तिने गावाकडे काढले. देवरामांच्या मांडीचं हाड जुळलं होतं, पण ते लंगडत होते. त्यांनी विचारलं, तुझी काय चूक झाली. चूक झाली होती की नाही, हेच तिला कोकणीत सांगता येईना, आणि मराठीतही आलं नसतं. पुढे सातपूरच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात तिला काम मिळालं. तिथे मोठ्या हॉलमध्ये कॉम्प्युटर होते आणि दर आठवड्याला कामगारांची नवी तुकडी आली की ते सगळे पुसून एकसारखे करावे लागत. तिने पहिल्याच आठवड्यात सर्व्हर लावून नेटवर्कवरून प्रत ओतायची सोय केली. साहेबांनी विचारलं, कुठे शिकलात. ती म्हणाली, "देवळालीला." साहेबांना वाटलं तिथे एखादी संस्था असेल.

देवळालीला जायचं ती ठरवायची आणि राहून जायचं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी गेली, तेव्हा दुकानाच्या जागी मोबाइलचं रिचार्ज करून देणारं दुकान होतं. घराचं दार सुमनबाईंनी उघडलं. काका गेल्या हिवाळ्यात गेले, त्या म्हणाल्या. छातीत दुखलं, मिलिटरी हॉस्पिटलपर्यंत पोहोचले नाहीत. तुला कळवायचं मनात आलं होतं, पण तुझा पत्ता नव्हता.

रोशनी आत येऊन बसली. मग तिने विचारलं, "माझ्यावर राग होता का त्यांचा?"

सुमनबाईंनी चहासाठी कप काढले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"राग नव्हता. पोरगी खरं बोलली म्हणायचे. पण सुरुवातीला फार लागलं होतं त्यांना. तू येऊन गेलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून डिस्का गोळा करायला लागले होते. कोणी द्यायला तयार नव्हतं, पोरं रडायची. सगळ्या जमल्या की आपण होऊन जाऊ म्हणायचे. रिकाम्या हाताने कसं जायचं. मग तुमच्या कॉलेजचा निरोप आला." त्या पदराने कप पुसत राहिल्या. "एकदाच म्हणाले होते, तिने अजून एकदा यायला हवं होतं."

बाहेर कॅम्पातली पोरं क्रिकेट खेळत होती. सुमनबाईंनी तिला जेवायला थांबवलं. रोशनी थांबली. दोघींनी स्वयंपाकघरात बसून पिठलं-भाकरी खाल्ली.